तक्रारदारांच्या बाकावरची शैला

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "कोण शैला?" असं विचारून बसले... जणू माझ्या ओळखीत दुसरी कोणी होती! महिना झाला, पण तिला विचारायचे प्रश्न मला अजून सुचताहेतच.

विद्यापीठात आम्ही शेजारच्या खोल्यांत बसायचो. पोलीस, सरकारी धोरण आणि तंत्रज्ञान हा तिच्या संशोधनाचा विषय. नव्वदीच्या अखेरीला पोलीस ठाण्यांत कॉम्प्युटर येऊ लागले आणि बाईंना चेवच चढला. साहेब आदरानं आत खुर्ची द्यायचे, पण ही आपली तक्रारदारांच्या बाकावर. "मी हितंच बसतो की," म्हणायची, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं. दसऱ्याला शस्त्रांच्या ओळीत कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घातलेला पाहिला, तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, "हे शस्त्र, तर रोखलंय कुणावर?"

उत्तर तिला बाकावरच मिळालं. त्या दिवशी मीही सोबत होते. हुपरीच्या एका मावशींची पैंजणांची पिशवी एसटीत कुणीतरी लांबवली होती. पूर्वी हवालदार हातानं लिहायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. आता नुसती टकटक.

"काय लिवलंसा, पावणं?" मावशींनी विचारलं.

"तुमी सांगितलं त्येच की."

शैला उठली आणि तिनं मॉनिटरच मावशींकडं वळवला. मावशी अक्षरं लावत वाचू लागल्या. "गहाळ? आवं, चोरलीया की!" चोरी लिहिली तर तपास आला, गहाळमध्ये काम वाचतं. हवालदारांनी खाकरत शब्द बदलला. पैंजण मिळाले की नाही, ठाऊक नाही.

पुढं सरकारी समितीसाठीच्या अहवालात शैलानं शिफारस घातली, की स्क्रीन तक्रारदाराला दिसेल असाच ठेवावा. ते वाक्य गाळलं तर समितीवर कायमची जागा मिळेल, असं तिला सुचवण्यात आलं. त्या जागेवर तिचा किती जीव होता, हे मला माहीत होतं.

"अगं, एक वाक्य तर आहे," मी म्हटलं.

"एकच हाय, म्हणून तर न्हाय काढत."

अहवाल वाक्यासकट गेला, जागेवर दुसरं कुणी बसलं. ती हसून मोकळी झाली. मला मात्र अजून राग येतो.

परवा तिच्या घरी गेले, नेहमीच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. टेबलावरचा जाडजूड मॉनिटर माझ्याकडंच तोंड करून होता. समोरच्याला दिसावं म्हणून ही जन्मभर मान तिरकी करून टाइप करायची, शेवटी मानेला पट्टा लागला. तिचे यजमान चहा घेऊन आले.

"सरळ करून ठेवू का आता?" त्यांनी मॉनिटरला हात लावत विचारलं.

"राहू द्या, भाऊजी..." मी म्हटलं. "मी हितंच बसतो की."