इंजेक्शननंतरचा रिव्हर्स

सणसरच्या फकीरभाईंना वरच्यानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या: मिशा आणि रिव्हर्स. मिशा कुणालाही कधीही बघता येत. रिव्हर्स बघायला मात्र जत्रेची वाट बघावी लागे.

ट्रॅक्टरमागं एकच ट्रॉली असेल, तर मागं घेताना स्टेअरिंग डावीकडं वळवलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडं जातं. एवढं गावातल्या बऱ्याच जणांना जमतं. ट्रॉल्या दोन जोडल्या की उलट्याचं पुन्हा उलटं करावं लागतं, आणि भल्याभल्यांच्या ट्रॉल्या सासू-सुनेसारख्या एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहतात. फकीरभाई मात्र उसाच्या दोन ट्रॉल्या मागं घेत तंबाखू मळत. जत्रेतल्या रिव्हर्स स्पर्धेत सलग आठ वर्षं पहिला नंबर त्यांचाच. बक्षीस घेतल्यावर माईकवर चार शब्द बोलायचे, हाही आता रिवाज झाला होता.

गेल्या वर्षी त्या चार शब्दांचे चारशे झाले. सांगवीची निकिता, वडिलांचा ट्रॅक्टर चालवणारी, ऐनवेळी नाव द्यायला आली होती. मुदत संपली म्हणून तिचं नाव घेतलं नाही. भाईंनी आदल्याच आठवड्यात मोबाइलवर सात मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला होता. एवढी विद्या पोटात ठेवणं त्यांना जड झालं.

"पोरी, तुझ्या हुशारीबद्दल शंका न्हाय," ते माईकवरून म्हणाले. "पर ह्ये पुरुषी हार्मोनचं काम हाय. मेंदूत नकाशा त्येच काढतंय. बायकांच्या मेंदूत त्यो कागदच न्हाय."

"बरं काका," निकिता खालून म्हणाली. "पुढच्या साली कागद घिऊन येते."

मंडळी हसली. भाईही हसले. मग नोव्हेंबर आला.

रात्री चारचारदा उठावं लागतं म्हणून बायकोनं, फरजानानं, त्यांना बारामतीला नेलं. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटला कॅन्सरची गाठ निघाली, वेळेत निघाली. डॉक्टर स्वरूपाबाईंनी शांतपणे समजावलं, की ही गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते, म्हणून दर तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ते हार्मोन जवळजवळ बंद करायचं.

"बंद म्हंजे किती बंद?" भाईंनी विचारलं.

"शून्याच्या जवळ."

गाठीचं नाव ऐकून न घाबरलेला माणूस शून्य ऐकून पांढरा पडला. बाई पुढं सांगत होत्या, अंगातून गरम वाफा निघतील, झोप मोडेल, थकवा येईल. भाईंच्या डोळ्यांपुढं आपल्या दोन ट्रॉल्या एकमेकींकडं पाठ करून उभ्या होत्या.

"आन् रिव्हर्स?" ते म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, इंजेक्शनचा परिणाम उलटवता येतो का, असं ते विचारताहेत. फरजानानं ट्रॅक्टर, ट्रॉली, जत्रा आणि माईक असा सगळा इतिहास सांगितला. बाईंनी हसू आवरलं.

"वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्यात पुरुषांची सरासरी थोडी पुढं दिसते, काही शब्दांच्या कामात बायकांची. त्यात हार्मोनचा वाटा किती आणि लहानपणापासूनच्या सवयीचा किती, यावर अजून वाद चालू आहे. या इंजेक्शननं काहींना विसरल्यासारखं वाटतं, काहींना काहीच होत नाही. पण काका, ट्रॅक्टर काही सरासरी चालवत नाही. तुम्ही चालवता."

यातलं 'काहींना विसरल्यासारखं वाटतं' एवढंच भाईंनी घरी आणलं.

त्या दिवसापासून घरात काहीही बिघडलं की इंजेक्शनच्या नावावर जाऊ लागलं. चष्मा सापडला नाही, इंजेक्शन. चहात साखर दोनदा पडली, इंजेक्शन. लेक मेहजबीनच्या निकाहाचा व्हिडिओ बघताना डोळे भरून आले, तेव्हा तर त्यांनी फरजानाला नाडी बघायला लावली. पोरीच्या निकाहात मांडवामागं जाऊन ते याहून जास्त रडले होते, तेव्हा अंगात हार्मोन भरपूर होतं, हे फरजानाला आठवत होतं. तिनं नाडी बघितली.

रिव्हर्स तर त्यांनी सोडूनच दिला. ट्रॉली घरामागं लावायची तर पूर्वी एका झटक्यात मागं घेत. आता वेशीपर्यंत जाऊन, अख्ख्या गावाला वळसा घालून, पलीकडच्या बोळातून तोंडानं आत शिरत.

शेजारचे मानसिंगतात्या बागायतदार, भाईंच्या ट्रॉलीतून ऊस धाडणारे आणि जत्रेत पंच. त्यांनी चार दिवस हे बघितलं आणि अडवलं. "फकीरभाई, घरामागं जायला रोज वरात काढताय व्हय?"

"डिझेल ताजं ऱ्हातं, तात्या."

डिसेंबरात भाईंना वाफा सुरू झाल्या. बाहेर शेकोट्या पेटलेल्या आणि हे बनियनवर, पंखा पाचवर. फरजाना गोधडीत गुरफटून ब्लाऊज बेतत बसली होती. सणसरात तिच्या हातचा ब्लाऊज म्हणजे शेवटचा शब्द.

"बंद करा त्यो पंखा, थंडी वाजती," ती म्हणाली.

"अगं, मी हितं पेटलोय."

"व्हय? सहा वर्सांमागं मी पेटली हुती, तवा ह्येच कोण म्हणत हुतं?"

भाईंना आठवलं. तेच म्हणत होते, आणि उठून बटणही तेच दाबत होते.

"माझं हार्मोन जाऊन सहा वर्सं झाली," फरजाना कात्री हातात घेत म्हणाली. "गावातलं कुणी इचारायला आलं का, फरजानाभाभी, कात्री चालती का न्हाय? त्या साली माझी झोप ग्येली, डोकं जड हुयाचं, दोन गिऱ्हाइकांची मापं इसरली. पर हात इसरला न्हाय."

मग तिनं कापड पसरलं. मुक्ताबाईचं, म्हणजे मानसिंगतात्यांच्या बायकोचं, ऐंशी सेंटिमीटरचं खणाचं कापड. मुक्ताबाई अंगानं भरलेल्या, त्यात काठ दोन्ही बाह्यांवर हवा. फरजानानं डोळे अर्धे मिटले. कापडाला बोटही न लावता तिनं पाठ आडवी केली, पुढचे भाग उलटे फिरवले, बाह्या एकमेकींच्या कुशीत झोपवल्या. मग सरळ कात्री घातली. चिंधी उरली ती लिंबाएवढी.

भाई पंख्याखाली आ वासून बघत होते. तीस वर्षं हे घरात चालू होतं आणि त्यांना वाटायचं, बायको पेंगतीय.

"ह्ये... डोक्यात फिरवतीस तू?"

"मंग काय तुमच्या ट्रॉलीत घालून फिरवू? आन् शिवती ती सगळी उलट्या अंगानं. सुलटं झाल्यावर गिऱ्हाईक बघतं. तुमचा रिव्हर्स जत्रेत वर्साला एकदा. माझा रोज हाय, माईक नसतोय एवढंच."

तिनं उठून पंखा पाचवरच ठेवला आणि दुसरी गोधडी ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंनी ट्रॅक्टर वेशीकडं नेला नाही. घरासमोरच उभा करून त्यांनी मागं बघितलं आणि ट्रॉली मागं घेतली. पहिल्या दिवशी न्हाणीघराची भिंत थोडी खरवडली. आठवड्यात भिंत वाचू लागली. पण ते घरचं अंगण होतं. खरं काय ते जत्रेत कळणार होतं.

चैत्रात मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या, टोकाला खुंटा रोवला. निकिता कागद न घेताच आली, वेळेत नाव देऊन. दोन ट्रॉल्या तिनं रेघेला न शिवता आत घातल्या. तीन मिनिटं दहा सेकंद. बायकांच्या बाजूनं शिट्टी आली. ती फरजानाची होती, असं पुष्कळांचं म्हणणं आहे.

भाई चढले. निम्म्यात आल्यावर अंगातून वाफ उसळली. घाम डोळ्यांत, रेघा दिसेनात. पूर्वीचे फकीरभाई असते तर इज्जतीपायी तसेच रेटत गेले असते. यांनी ब्रेक दाबला. टॉवेलनं तोंड पुसलं, आणि भर मैदानात डोळे अर्धे मिटले. पुढची ट्रॉली पाठ, मागची बाही. बाही आधी फिरवायची. हात आपोआप वळले. दुसरी ट्रॉली खुंट्याजवळ येऊन थांबली, फक्कीचा एक कणही न हलवता.

तीन मिनिटं तेवीस. दुसरा नंबर.

आठ वर्षांत पहिल्यांदा हरलेला माणूस ट्रॅक्टरवरून उतरला तो हसत. पेढ्याचा पुडा घेऊन वाटत सुटला. निकितालाही दिला. लोकांना वाटलं, ऊन लागलं. तेवढ्यात त्यांनी माईक मागून घेतला.

"मागच्या साली मी हितं जे बोललो, ते मागं घेतो," ते म्हणाले. "त्येबी रिव्हर्सच समजा. नोव्हेंबरपासनं माझं पुरुषी हार्मोन बंद हाय, इंजेक्शननं. कागद खिशात हाय. तरी ट्रॉली आत ग्येली."

निकिता खालून म्हणाली, "काका, मग हार्मोन असतं तर पहिला आला असता?"

भाईंनी विचार केला. "तेरा सेकंदांनी मागं पडलो मी. त्यातलं चार घाम पुसण्यात ग्येलं, दोन वयात. सात तुझं हायती, ते मला कुठल्याबी इंजेक्शनात गावायचं न्हाईत."

मैदान हसत होतं तेव्हा पंच मानसिंगतात्यांनी त्यांना हळूच मांडवाआड ओढलं. आजूबाजूला बघितलं. आवाज खाली आणला.

"फकीरभाई, रातचं चारचारदा उठाय लागतं, मलाबी. त्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी असत्यात?"

"मंगळवारी. मी येतो संगं," भाई म्हणाले. "पर आदी घरी जाऊन मुक्तावैनीला इचारा, तिला गरम हुयाचं तवा पंखा कोण बंद करत हुतं."

तात्यांचा चेहरा बघून भाईंनी पुड्यातला शेवटचा पेढा त्यांच्या हातावर ठेवला.