इंद्रभान मिस्त्रींच्या विमानाची चाकं

दुसरबीडच्या इंद्रभान मिस्त्रींनी उभा जन्म बैलगाड्या करण्यात घालवला. त्यांचा तोरा असा, की "माह्या गाडीनं बैलाचा खांदा सोलला असं कोणी दाखवावं, मी मिशी उतरवतो!" मिशी शाबूत होती, यातच सगळं आलं. गाडीची खरी मेख चाकांची आस कुठं बसवायची यात असते. आस फार पुढं गेली तर भार मागं कलतो, गाडी उलाळ होते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार मागं गेली तर सगळं ओझं त्यांच्या खांद्यावर. मधली नेमकी जागा मिस्त्री डोळे मिटून दाखवत. पण गावात ट्रॅक्टर आले आणि त्या जागेला गिऱ्हाईक उरलं नाही. आता चौकटी करा, पलंग करा, देव्हारे करा. चाकाला हात लागून वर्षं लोटली होती, आणि ते त्यांना मनातून फार लागायचं.

सून डिंपल गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना दाखवायला तिनं रिमोटवर चालणारं थर्माकोलचं विमान केलं. हातानं फेकलं की ते भुर्रकन उडायचं, आणि उतरताना पोटावर खरडत यायचं. ते मिस्त्रींना बघवलं नाही.

"फेकल्यावर त दगडबी उडते," ते म्हणाले. "विमानानं कसं, धावत जाऊन आपल्या चाकावरून उठलं पाह्यजे."

मग काय विचारता! हलक्या लाकडाचा सांगाडा झाला, वर एक पंख आणि खाली एक, असं जुन्या काळचं दुमजली विमान उभं राहिलं. मोटर, तोंडाशी लावायचा पंखा आणि रिमोट डिंपलनं मागवले. पाय सायकलच्या स्पोकांचे, चाकं सागवानी आणि त्यांवर धाव म्हणून जुन्या चपलेच्या रबराची पट्टी. शेपटाखाली एक एवढंसं चाक. चाकं घासताना मिस्त्री गुणगुणत होते, हे घरानं बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

इथवर ठीक होतं. पण आनंद झाला की मिस्त्रींची जीभ सैल सुटते. चहाच्या टपरीवर त्यांनी उत्तमरावांना, आपल्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाला, छातीठोक सांगून टाकलं, "रविवारी बाजाराच्या मैदानात या. चाकावरून उठन, चाकावर उतरन." झालं. गावभर दवंडी. आता प्रश्न विमानाचा उरलाच नव्हता. चाकवाला इंद्रभान अजून आहे की संपला, याचा निकाल लागायचा होता, आणि तो त्यांनी आपल्याच हातानं गावापुढं मांडला होता.

शनिवारी संध्याकाळी मैदानात चाचणी घेतली. मिस्त्रींनी विमान बोटावर तोलून पाहिलं होतं आणि तोल जिथं, बरोबर त्याखाली आस बसवली होती. जमिनीवर ते ऐटीत बसलं. डिंपलनं रिमोट दाबला, विमान पळालं, शेपूट उचललं आणि दाणकन तोंडावर! पंख्याचं पातं मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. टपरीवरून उत्तमराव बघत होते, हे आणखी वाईट.

"मामाजी, आस जराशी पुढं घ्या ना," डिंपल म्हणाली. "मी वाचलंय, भार चाकांच्या मागं पाहिजे."

"मागं भार? उलाळ करू काय त्याले? चाक मले नको शिकवू, पोरी!"

डिंपलनं मोडकी पाती गोळा केली. घरी येऊन मिस्त्री विमानासमोर फुरंगटून बसले. त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "काऊन पडते ते?"

"म्होरं वझं येते."

"गाडीत त तुमी म्होरं जरासं ठेवताच."

"ठेवतो ना. बैल सांभाळते ते."

"मंग याच्या म्होरं बैल कुठी हाय?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. पुढं बैल नाही! पंखा ओढतो, पण त्याला खांदा कुठला? ओझं पेलायला आहे ते मागचं एवढंसं चाक. भार मागं कलणं हा गाडीचा दोष, तोच इथं गुण. म्हणजे पोरगी म्हणत होती ते सोळा आणे खरं, आणि आपण तिच्यावर खेकसलो. मिस्त्रींना मनापासून लाज वाटली. जेवण होताच त्यांनी पाय सोडवले आणि आस दोन बोटं पुढं बसवली. कोणाला काही बोलले नाहीत. कबुलीपेक्षा स्क्रू फिरवणं सोपं असतं.

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेनं गाव जमलं. डिंपलनं विमान हातात घेतलं, चाकांकडं पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं आणि ते धावपट्टीवर ठेवलं.

विमान पळालं. शेपूट उचललं. मिस्त्रींनी डोळे गच्च मिटले. मग पोरांचा असा गलका उठला की बाभळीवरचे कावळे उडाले. डोळे उघडले तर विमान विजेच्या खांबाच्या वर! दोन फेऱ्या मारून ते खाली आलं, एकदा टणकन उसळलं आणि चाकांवर धावत जाऊन थांबलं. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

उत्तमराव टाळ्या पिटत आले. "वा रे मिस्त्री! काल त तोंडावर पडून राह्यलं होतं. रातून काय जादू केली बे?"

आयतं श्रेय समोर आलं होतं. हात मिशीकडं गेलासुद्धा. तो मिस्त्रींनी खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "जादू कायची! आस म्या चुकीची बसवली होती. या पोरीनं कालच सांगतलं होतं, मीच आयकलं नाही. चुकलं माह्यं."

डिंपल रिमोट छातीशी धरून नुसती हसत राहिली. मंजुळाबाई मात्र शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "विमानाचं सोड बाई. लगन झाल्यापासून या माणसाच्या तोंडून 'चुकलं' आज पह्यल्यांदा आयकलं."

मैदान खो खो हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं मिस्त्री.