काचेची बाहेरची बाजू

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'पेटी' म्हणते. शवपेटी भाड्याने देतात ना. वरून काचेची, आतून बर्फासारखी गार. लांबचं माणूस येईपर्यंत देह ठेवायला. हे जेवायला बसले की फोन वाजलाच म्हणून समजा. मी करवादते, "लोकांना मरायला हीच वेळ सापडते का?" हे ताट सारून उठतात. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

त्या दिवशी ह्यांचा जोडीदार आजारी, म्हणून पेटीचं दुसरं टोक मी धरलं. तरणाताठा मुलगा झोपेतच गेला होता. थोरला भाऊ परगावाहून संध्याकाळी पोचणार होता. खोली माणसांनी गच्च, खिडक्या बंद. पेटी सुरू करून आम्ही बाहेर ओट्यावर टेकलो, जरा वेळाने आत एकच गलका झाला.

काच धुरकटली होती, नेमकी तोंडावर. आई पेटीला झोंबत होती. "श्वास घेतोय माझा बाळ. उघडा." दोघं-तिघं कडीला हात घालायला लागले. मीही मनात म्हटलं, असेलही बाई, डॉक्टरसुद्धा चुकतात.

हे तिच्याशेजारी खाली बसले. "उघडतो, आई. तुम्ही म्हणाल तर आत्ता उघडतो. आधी काचेवर बोट फिरवा."

तिने फिरवलं. बोट ओलं झालं आणि तेवढी काच स्वच्छ झाली.

"तो श्वास घेत असता तर पाणी आतून धरलं असतं," हे म्हणाले. "हे बाहेरून आहे. हवेत पाणी असतंच, दिसत नाही. आपल्या श्वासात तर जास्तच. गार काचेला लागलं की त्याचे थेंब होतात. फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवली की भिजते ना, तसं."

"मग हा श्वास कुणाचा?"

मनात म्हटलं, नका हो सांगू.

"तुमचा, आई. तुम्हीच वाकून बसलाय ना."

कडीवरचे हात आपोआप खाली आले. ह्यांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

ह्यांनी खिडक्या उघडायला लावल्या, काच पुसायला फडकं काढलं. आईने ते हातातून घेतलं आणि काच कोरडी केली. मग तोंडावर रुमाल घट्ट धरला. थोरला येईपर्यंत ती मान वळवून श्वास सोडायची आणि पुन्हा त्याच्याकडे बघायची.