सही त्यांचीच

निरवांगीच्या बुद्धघोषांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं काढली. ट्रॅक्टर लांबून दिसला की रिकाम्या ट्रॉलीचं वजन ते तोंडपाठ सांगायचे. एका किलोची हेराफेरी त्यांनी कधी केली नाही. त्यांची बायको करुणा गावात ताठ मानेनं वावरायची ती त्याच जोरावर.

पन्नाशीच्या आतच त्यांचे आकडे चुकायला लागले. भरल्या ट्रॉलीचं वजन रिकाम्याच्या रकान्यात पडायचं. ऊसवाले अंगावर धावून आले. कुणी म्हणालं पैसे खाल्ले, कुणी म्हणालं दारू लागली. ज्यानं आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, त्याचं तोंड हुंगून बघायलाही लोकांनी कमी केलं नाही. एकदा करुणानंही ते झोपलेले असताना हुंगून बघितलं होतं. ते तिला अजून खातं.

शेवटी कामगार अधिकारी दिग्विजय यांनी त्यांना बोलावलं. "चौकशी लागली तर बदनामी हुईल. राजीनामा द्या, इज्जतीनं घरी जावा." बुद्धघोषांनी कागद न वाचताच सही केली आणि घरी येऊन हसत सांगितलं, "सायबांनी सुट्टी दिलीया."

दोन महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. "डिमेन्शिया आहे. हा आजार म्हातारपणीच होतो असं नाही. यांना तीन-चार वर्षं तरी झाली असणार."

करुणा ते कागद घेऊन कारखान्यात गेली. कामगारांचा आरोग्य विमा होता, पण बुद्धघोषांचा राजीनाम्याच्या तारखेलाच संपला होता.

"सायेब, आजार तवाच व्हता. कशावर सही करतोय, त्येच त्यास्नी कळत नव्हतं."

दिग्विजयांनी फाइल तिच्यापुढं सरकवली. "सही त्यांचीच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग?"

करुणानं कागद पिशवीत घातले आणि ती घरची वाट धरून निघाली.

मग कुणीतरी अपंगत्वाच्या दाखल्याचं सुचवलं. तपासणीच्या दिवशी सकाळी बुद्धघोषांनी सदऱ्यावर सदरा घातला आणि चुलीपाशी लघवी केली. करुणानं त्यांना अंघोळ घालून बारामतीला नेलं. डॉक्टरांसमोर मात्र ते ताठ बसले. "जय भीम सायेब!" तारीख विचारली, तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचून सांगितली. कामाचं विचारलं, तर वजनकाटा कसा चालतो ते सगळं सांगितलं. घरचे हाल सांगायला करुणानं तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलू द्या." दाखल्यावर पस्तीस टक्के पडले. चाळीसच्या आत काही मिळत नाही.

बसस्टँडवर तिचा तोल सुटला. "काट्यावर आकडं चुकलात, आज बी चुकायचं व्हतं की वो!" ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग विचारलं, "ताई, तुमची गाडी चुकली का?"

तिला अंगणवाडीची नोकरी सोडता येत नव्हती. दिवसा त्यांना कुठंतरी बसवावं म्हणून ती सासूला, रंगुबाईला, बरोबर घेऊन इंदापूरच्या एका ज्येष्ठांच्या केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी जन्मतारीख बघितली. "एक्कावन्न? आमच्याकडं साठ पूर्ण लागतात. आजींचं नाव लिहू का?"

"मला काय धाड भरलीया?" रंगुबाई म्हणाल्या. "मी अठ्ठ्याहत्तरीची हाय, पर माझं डोस्कं शाबूत हाय. ह्येला घ्या."

"नियम आहे, आजी. नऊ वर्षांनी आणा."

आता सकाळी करुणा मायलेकांना आत ठेवून बाहेरून कडी लावून कामावर जाते. दुपारी म्हातारी भाकरी दुधात कुस्करून एक्कावन्न वर्षांच्या लेकाला भरवते. मागच्या महिन्यात त्यानं तिचा हात पिरगळला. मनगट अजून सुजलेलं आहे, पण ती सुनेला सांगते की न्हाणीत घसरले. करुणा ते खरं मानते. खोटं धरलं, तर उद्या कामावर जायचं कसं?