माश्यांचा कोपरा

देवरावभाऊ गेल्याचं कमलवहिनींनी फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "माश्यायचा कोपरा कोनाले खरडू देऊ नका, भाऊजी." नवरा जाऊन तासही झाला नव्हता... तेव्हा मला ते विचित्र वाटलं. आज वाटत नाही.

रिसाली वसाहतीतल्या त्यांच्या कंपनीच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराबाहेर, भिंतीच्या भेगेत, डंख नसलेल्या मधमाश्यांचं घर होतं. काळ्या मेणाची बोटभर नळी, आणि तिच्यातून ये-जा करणाऱ्या तिळाएवढ्या माश्या. या मेणाचं औषध भाऊंना जंगलपट्टीतल्या बिसाहिनबाई या वृद्ध गोंड बाईंनी शिकवलं. अट एकच : माश्या कुठल्या झाडांचा चीक आणतात आणि औषध कसं करायचं, हे त्यांच्या गावाला विचारल्याशिवाय बाहेर सांगायचं नाही.

या माश्यांना आणि गावाच्या त्या विद्येला कायद्याचं संरक्षण मिळावं, म्हणून भाऊंनी कार्यालयांचे उंबरठे झिजवले. अखेर बैठकीचं बोलावणं आलं. मी सोबत होतो. अधिकारी सौम्यपणे म्हणाले, झाडांची आणि औषधाची माहिती दिल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही. "आधी गावाचा हक्क माना, मग गावच सांगेल," भाऊ म्हणाले. मी टेबलाखाली त्यांचा हात दाबला. "सांगून टाका ना, भाऊ." त्यांनी कागद पिशवीत भरले. प्रस्ताव तिथेच थांबला.

परतताना बसमध्ये मी टोमणा मारलाच, "वाघाले कायदा आहे. तुमच्या माशीले तुमच्याच हट्टानं नाही भेटला."

"वाघाले नखं आहेत, सुधाकर. हिले तं चावताबी येत नाही. पत्ता देऊन बसलो अन् कायदा आलाच नाही, मंग?"

पुढे बिसाहिनबाई गेल्या, गावातली तरुण माणसं पांगली, आणि आता भाऊ... ते औषध कोणापाशी उरलं आहे, मला ठाऊक नाही. चूक त्यांच्या मौनाची की माझ्या घाईची, हे मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारतो. उत्तर दरवेळी वेगळं येतं.

क्वार्टर परत देण्याआधी रंगारी बोलावला. नळीपाशी खरडायचा पत्रा नेत त्यानं विचारलं, "साहब, ये खुरच दूँ?"

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्याला थांबवायला माझ्यापाशी कायद्याचं एकही कलम नव्हतं. "रहने दो," मी म्हणालो.

"क्यों?"

मी नळीभोवती तळहाताएवढी जागा बोटानं आखून दिली.

नव्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा जुना पिवळा रंग उरला आहे, मधोमध ती नळी. उद्या किल्ली द्यायची. ती घेणाऱ्याला इथे कोण राहतं ते सांगावं, की गप्प राहावं... आता तरी सांगून टाका ना, भाऊ.