दोन गुंड, एक अनसूया

बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. अनसिंगहून पुतण्याचा फोन आला, “काकू, आई गेली.” मी ‘बरं’ म्हटलं. एवढंच सुचलं. मग उरलेली मेथीही निवडून टाकली, कारण भाजी अर्धी टाकून उठलेलं बाईंना कधी खपलं नाही... बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, अनसूयाबाई. आता महिना उलटून गेला. रडू आलं, थांबलंही. नुसता शीण तेवढा उरलाय.

अनसूया मीही होते. माहूरच्या शिखरावरची अनसूयामाता आमच्या भागाला जवळची. पोटी लेकरू टिकत नसलं की आयाबाया तिला नवस बोलत आणि मुलगी झाली की नाव ठरलेलंच. माझी आई केनवडहून नवस फेडायला गेली, बाईंची आई मानोऱ्याहून. आपल्या दोन्ही अनसूया एकाच घरात नांदणार आहेत हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! अत्रिऋषींची बायको, दत्ताची आई, परीक्षा घ्यायला आलेल्या तीन देवांची तिनं तान्ही बाळं केली, ही गोष्ट मला कीर्तनात कळली. नावाचा अर्थही तिथंच कळला... जिच्या मनात असूया नाही ती. दुसऱ्याचं बरं पाहून जिचा जीव जळत नाही ती. ऐकून मी मान ताठ केली होती. वास्तविक मैत्रिणीच्या नव्या रिबिनीवरून तिच्याशी अबोला धरणारी पोर मी. नाव देताना देवीनं पत्ता चुकवला असणार.

लग्नात अडचण उभी राहिली. थोरली वहिनी आईच्या जागी. तिच्या नावानं धाकट्यानं आपल्या बायकोला हाक कशी मारायची? सासूबाईंनी तोडगा काढला. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं त्यात अंगठीनं ‘शोभा’ लिहिलं आणि मी शोभा झाले. ते नाव मला सिनेमातलं वाटलं, गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. पण आईनं दिलेल्या पितळी गुंडावर, पाण्याच्या त्या मोठ्या भांड्यावर, ठोकून घातलेलं नाव होतं ‘अनसूया’. सासूबाई म्हणाल्या, कासाराकडून घासून आणा. तेव्हा मी नकळत गुंडावरच्या नावावर हात ठेवला. एवढ्यात बाई पुढे झाल्या.

“कायले घासता, आत्याबाई? माह्यंच नाव हाये थे. राहू द्या माह्याजवळ.”

आणि गुंड उचलून त्यांनी आपल्या गुंडाशेजारी ठेवला.

झालं. नाव तर गेलंच, गुंडही गेला. नव्या नवरीनं चुलीपुढे बसून बाईंच्या नावानं बोटं मोडली. यांच्याच भाकरी कशा फुगतात, यांचेच केस एवढे लांब कसे, सासूबाई यांनाच का विचारतात... त्या बिनअसूयेच्या पोरीनं काही म्हणजे काही सोडलं नाही. एकदा बाईंच्या वरणात गुपचूप मीठ वाढवलं. ते रात्री सगळ्यांनी खाल्लं, मीही.

आमचा भाजीचा मळा. सकाळी आम्ही दोघी सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटून जुड्या बांधायचो. सासूबाई घरी असायच्या. एके दिवशी पलीकडच्या वाफ्यातून हाक आली, “अनसे!” मी इकडेतिकडे पाहिलं.

“तुलेच म्हनून राह्यली व. इथं कोन आयकते?”

मी फुगलेलीच. मग जुडीला गाठ मारता मारता बाई म्हणाल्या, “तुहा गुंड मले काय करायचा? त्याच्यावरचं नाव खोडलं असतं, मंग तू कोन राह्यली असती?”

मी ‘ओ’ दिली. हाक मारून बराच वेळ झाला होता, पण दिली.

तेव्हापासून मी घरात शोभा, मळ्यात अनसूया. पुढे सासूबाई गेल्या, माझे मालक गेले, माहेरचं माणूस उरलं नाही, मी वाशीमला मुलाकडे आले. कागदोपत्री, शेजारीपाजारी सगळीकडे शोभाबाई. बाई तेवढ्या फोनवर विचारायच्या, “अनसे, जेवली काय?” तेरवीला ब्राह्मणानं मंत्रात ‘अनसूया’ म्हटलं आणि माझ्या तोंडून ‘ओ’ निघून गेली. बायका म्हणाल्या, म्हातारी खचली. बाई असत्या तर पदरात तोंड घालून हसल्या असत्या... खचले होतेच म्हणा. त्या नावानं मला हाक मारणारं आता कोणी नव्हतं.

निघताना पुतण्यानं गुंड गाडीत ठेवला. काकूचा काकूले द्या, असं आई सांगून गेली म्हणे.

इथं पाणी मशीनमधून येतं, गुंडाचं काही काम नाही. परवा सुनेनं तो चिंचेनं घासला आणि म्हणाली, “मोठ्या आईंचं नाव अजून किती ठळक आहे हो, आई.” इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात राहून तिला माझं नाव माहीत नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

“त्यांचा गुंड अनसिंगलाच आहे,” मी म्हटलं. “हा माझा. याच्यावरचं नाव माझं. वाच बरं जोरात.”

ती गोंधळली. सासूचं नाव, तेही तोंडावर, घ्यायचं कसं? ओल्या हातानं तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच वाचलं, “अनसूया.”

मी ‘ओ’ दिली.