सोमवारची डोकेदुखी

एस्तेर मावशी गेल्याचा फोन परवीनभाभींनी केला. सावेडीत मावशीच्या समोरच्याच दारात त्या राहतात. "टीचर गेल्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मी भिंगारहून रिक्षाने हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा भाभी बाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. सकाळी मावशीने त्यांचं दार वाजवलं होतं. छातीत आवळतंय म्हणाली, भिंतीला टेकून बसली, जिभेखाली तिचा हृदयाचा स्प्रे मारला, थांबली, पुन्हा एकदा मारला आणि शांतपणे म्हणाली, "या वेळी सुटत नाहीये. एकशे आठला फोन लावा." गाडी लवकर आली. गाडीत ती शुद्धीवर होती आणि सोबतच्या डॉक्टरांना विचारत होती की मशीनवरची ती रेघ मध्येच अशी वर का उचलली जाते... हे सांगताना भाभी रडत होत्या, आणि रडता रडता त्यांना हसूही आलं. "त्या डॉक्टरांनी उत्तर दिलं का?" मी विचारलं. "दिलं ना. टीचर मान हलवत ऐकत होत्या."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तिच्या प्रश्नांना वर्ग उरला नाही म्हणून ते सगळ्या गावावर सुटले. इस्त्रीवाल्याला ती विचारायची की कोळशाची इस्त्री जड असते म्हणून कपडा चांगला बसतो की जास्त तापते म्हणून. कल्हईवाला दिसला तर अर्धा तास गेलाच. माणसं आधी वैतागायची, मग उकिडवी बसून सांगायला लागायची. मला तिच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटायची, आणि घरी आल्यावर तिने काय काय मिळवलं ते ऐकायची घाईही असायची.

चार-पाच वर्षांपूर्वी तिला जिना चढताना छातीत मूठ आवळल्यासारखं व्हायला लागलं. थांबलं की जायचं. थंडीत वाऱ्याच्या तोंडावर चाललं की यायचं, भरपेट जेवून चाललं की यायचं, चर्चमध्ये उभं राहून मोठ्याने गायलं तरी यायचं नाही. या शेवटच्या गोष्टीचं तिला फार नवल वाटे. तपासण्या झाल्या, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी तो छोटा लाल स्प्रे दिला. मी सोबत होते. डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलापेक्षा थोडे मोठे. त्यांनी सांगितलं, आधी बसायचं, कारण रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. मग जिभेखाली मारायचा आणि श्वासाबरोबर आत ओढायचा नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा मारूनही दुखणं राहिलं तर घरी वाट बघायची नाही. मावशी म्हणाली, "जिभेखालीच का? गिळलं तर?" गिळलं तर बरंचसं यकृतातच संपतं, जिभेखालून सरळ रक्तात जातं, असं त्यांनी सांगितलं. मग तिने आणखी विचारलं. बाहेर पेशंटची रांग लागली होती, मी तिला कोपराने ढोसत होते.

पहिल्यांदा स्प्रे मारला तेव्हा तिने मला लगेच फोन केला. "छातीतली मूठ सुटली बघ. अगदी कळतं सुटलेली," ती म्हणाली, "पण डोकं असं ठणकतंय, जसं कुणी आतून ढोल वाजवतंय." पुढच्या भेटीत तिने डोक्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात तशा डोक्यातल्याही रुंदावतात, म्हणून दुखतं. "आणि हे औषध आहे तरी काय?" डॉक्टर हसले. "नायट्रोग्लिसरीन. पूर्वी विहिरींच्या सुरुंगाच्या कांड्यांत असायचं तेच. पण यात अगदी थोडं असतं, स्फोट होणार नाही, घाबरू नका."

मावशीने पर्समधून तो स्प्रे काढून हातात घेतला. मग तिने हळूच विचारलं, "ते नुसतं हाताला लागलं, तर डोकं दुखेल का?"

डॉक्टरांना तेव्हा नक्की सांगता आलं नाही. वाचून सांगतो म्हणाले, आणि खरंच त्यांनी दोन दिवसांनी फोन केला. हो, कातडीतून आत जातं. त्या कामातल्या माणसांची डोकी दुखायची. रोज हात लागला की शरीराला सवय होते, मग दुखणं कमी होतं. सुट्टी झाली की सवय मोडते आणि कामावर परतल्या दिवशी पुन्हा जोरात दुखतं.

त्या संध्याकाळी मावशीने मला बोलावून घेतलं आणि आजोबांचं सांगितलं. माझे आजोबा, शिमोन, काष्टीच्या पलीकडच्या एका वाडीत राहायचे आणि आसपासच्या विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचे. हे मला माहीत होतं. ते प्यायचे, हेही माहीत होतं, कारण घरात ते सगळ्यांनाच माहीत होतं. रविवारची सुट्टी, आणि सोमवारी दुपारी माणूस डोक्याला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून पडलेला. रात्रीची उतरलेली नाही, असं लोक म्हणायचे. आजोबा चर्चमध्ये गाण्यांना ढोलकी वाजवायचे, ती पाळकसाहेबांनी काढून घेतली. तेव्हापासून ते उपासनेला दाराजवळ, सगळ्यात मागे बसायला लागले. आजीने त्यांच्याशी बोलणं तोडलं नाही, पण तिचं बोलणं कोरडं झालं. "ते 'मी पीत नाही' म्हणायचे," मावशी म्हणाली, "पण मग डोकं का दुखतं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. उन्हाने असेल म्हणायचे. ऊन काय फक्त सोमवारी असतं? ते झोपले की मी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. कधीच आला नाही. तरी मला खरं वाटायचं ते लोकांचंच..."

मी म्हटलं, आता कळलं ना. पण तिचं समाधान होत नव्हतं. डॉक्टरांनी जगातल्या कामगारांचं सांगितलं होतं, तिला एका माणसाचं हवं होतं. आजोबांबरोबर काम केलेले धोंडिबानाना अजून हयात आहेत, असं तिने कुणाकडून तरी शोधून काढलं आणि काष्टीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. नाना घरासमोर बाजेवर बसले होते. कान गेले होते, सुरुंगानेच. मावशीला ओळखायला वेळ लागला, मग त्यांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

"नाना, तुमचं डोकं दुखायचं का? कांडी भरताना?"

"लई दुखायचं. समद्यांचंच. कांडी हातानं मळून भोकात दाबायची, तिचा मसाला हाताला लागायचा. डोळं फुटतील वाटायचं."

"कधी जास्त?"

"आईतवारी बरं असायचं. सोमवारी हात घातला की झालं. तुज्या बापाला तर सोसायचंच न्हाई. माज्याआधी घरी जायचा."

"ते प्यायचे का, नाना?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. "शिमोन? त्यो माजी बाटलीबी मातीत वतून द्यायचा. त्यो कशाला पितोय."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई, पोरी," नाना म्हणाले. "आन आमी कोन तुमच्या चर्चात येऊन बोलनार?"

नंतरच्या एका रविवारी ती मला घेऊन त्या वाडीच्या चर्चमध्ये गेली. तिथले पाळक नवे होते. उपासना झाल्यावर बोलायची त्यांनी परवानगी दिली. उभं राहण्यापूर्वी मावशी बाकावर नीट बसली, तिने पर्समधून स्प्रे काढून जिभेखाली मारला आणि डोळे मिटून थोडी थांबली. मग उभी राहून तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं. कांडी, कातडी, रक्तवाहिन्या, सोमवार. "माझे वडील पीत नव्हते," हे शेवटचं. तरुण मंडळींना शिमोन कोण तेच माहीत नव्हतं, ती नम्रपणे ऐकत राहिली. पहिल्या रांगेतली एक अगदी म्हातारी बाई मात्र वळून म्हणाली, "आमी तर तसंच धरून चाललो हुतो."

"आम्हीही," मावशी म्हणाली.

"तुज्या आईला कळलं का मरायच्या आदी?"

"नाही."

म्हातारीने बराच वेळ मान हलवली. चहाच्या वेळी तिने मावशीला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि शिमोनचा हात ढोलकीवर कसा पडायचा ते बाकावर बोटं वाजवून दाखवलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, बरं वाटतंय का? "डोकं दुखतंय," ती म्हणाली, आणि ओढणी कपाळावरून करकचून बांधून खिडकीला टेकली. तिचा चेहरा खूप दिवसांनी मोकळा दिसत होता. माझी आई त्याआधीच गेली होती. तिने आपल्या वडिलांना कायम दारुडाच मानलं, याचं मला मावशीशेजारी बसून फार वाईट वाटलं.

मावशीला जाऊन आता दीड महिना होत आला. गेल्या आठवड्यात मी तिचं घर आवरायला गेले. इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मावशीने एक वेताची खुर्ची ठेवून घेतली होती, जिना चढताना थांबायला. थांबली की ती नुसती बसायची नाही, जो वरखाली जाईल त्याला बोलण्यात ओढायची, आणि परवीनभाभी संध्याकाळी भाजी निवडायला तिच्यासमोर पायरीवर येऊन बसायच्या. मी वर चढले तेव्हा भाभी त्याच पायरीवर मेथी निवडत होत्या. समोर खुर्ची रिकामी होती, पुसलेली होती. "बसा ना," त्या म्हणाल्या. मी खुर्चीपाशी गेले, तिच्या हातावर हात ठेवला... आणि परत फिरून त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. भाभींनी थोडी सरकून जागा दिली आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सारली.